कापून ठेवलेल्या पट्ट्या

श्रावण निम्मा सरला की मला एका जागी बसवत नाही. कुलूप लावून जिना उतरते, रस्त्यावर आल्यावर वाटतं गॅस चालूच राहिला, परत वर जाते. गॅस बंदच असतो. पुन्हा खाली येते तर वाटतं, नळ? आमचे हे पेपरातून मान न काढता विचारतात, ‘‘फवारण्या सुरू झाल्या वाटतं?’’ गेल्या आठवड्यापर्यंत त्यांना सगळी गोष्ट ठाऊक नव्हती, पण माझं निदान बरोबर करायचे. मी चपला घालते.

नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला आम्ही राहतो. सकाळी साडेसातच्या एसटीनं मी अंबडच्या अंगाला कामाला जाते. श्रावणात हा रस्ता इतका सुंदर होतो की त्याचा राग यावा. कपाशी कमरेला लागलेली, पात्या धरलेल्या, सोयाबीनचं रान हिरवंगार, बांधावर तेरडा. आणि त्या हिरव्यात कुठं कुठं पाठीवर पंप घेतलेली माणसं, तोंडाला नुसता रुमाल, पायात काही नाही. पंपाची घरघर एसटीच्या खिडकीपर्यंत येते. मग तो वास. उग्र, लसणासारखा, घशाच्या मागं जाऊन बसणारा. शेजारची मास्तरीण नाकाला पदर लावते नि म्हणते, ‘‘डोकंच धरतं बाई.’’ माझं डोकं धरत नाही. माझ्या तळहाताला घाम सुटतो.

मी सरकारी दवाखान्यात औषधनिर्माती आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्याच फोन सुरू होतील. कागदावर हा शब्द भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात मी वीस वर्षांत एकही औषध निर्माण केलेलं नाही, खिडकीत बसून वाटलेली मात्र लाखानं असतील. लोक मला ‘गोळ्यावाल्या बाई’ म्हणतात. खिडकी इतकी बुटकी आहे की मला माणसाचा चेहरा दिसत नाही, केसपेपर धरलेला हात दिसतो. हातावरून मी माणूस ओळखायला शिकले. बांगड्यांवरून, नखातल्या मातीवरून, बोटं थरथरतात का त्यावरून. लोकही गोळीला नावानं ओळखत नाहीत. ‘‘ती तांबडी द्या, पांढरीनं गुण न्हाई आला.’’ ‘‘मागल्या येळंला लांबट होती, आता गोल कशी काय?’’ गुणाची गोळी नि बिनगुणाची गोळी, एवढंच वर्गीकरण. पुडीवर मी एक उगवता सूर्य काढते, एक भाकरी काढते, एक चंद्रकोर काढते, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र. माझी भाकरी फार चांगली येते, हे एका आजीबाईंनी मला सांगितलेलं आहे.

एरवी दिवसाला दीडशे माणसं. फवारणीच्या दिवसांत तीनशेवर. कुणाला खाज, कुणाच्या डोळ्यांची आग, कुणाला गरगरतं, कुणाला नुसतीच भीती वाटते. सोमवारी तर रांग गेटाबाहेर रस्त्यावर. मग आम्ही काय करायचो? सांगते. सकाळी आठला मी आणि सलीमभाई, म्हणजे आमचे कक्षसेवक, कात्र्या घेऊन बसायचो. डॉक्टर बहुतेक गोळ्या पाच दिवसांच्या लिहितात, म्हणून दहाच्या पट्टीचे पाच-पाचचे तुकडे आधीच कापून ठेवायचे. श्रीखंडाचे रिकामे डबे होते, त्यांत भरायचे. तापाचा डबा, खाजेचा डबा, साखरेचा डबा, पित्ताचा डबा. औषधाचं नाव पट्टीच्या एका टोकाला छापलेलं असतं. मधून कापली की एका तुकड्याला नाव राहतं, दुसरा निनावी. पण डब्यावर आम्ही नाव लिहिलेलं होतं ना! आणि डबे कुठं आहेत ते माझ्या हाताला ठाऊक होतं, डोळ्यांची गरजच नव्हती.

माझा हात जल्दी चालायचा. आसपासच्या दवाखान्यांत रांग तीनपर्यंत रेंगाळायची, माझी खिडकी एकच्या आत रिकामी. एकदा जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘‘मॅडम, हे जमतं कसं?’’ मी हसून म्हणाले, ‘‘सवय आहे, सर.’’ त्या दिवशी घरी येऊन मी शिरा केला होता. आता तो शिरा आठवला तरी अंगावर काटा येतो.

ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, शनिवारची. पावणेएक वाजला होता. आभाळ भरून आलं आणि एकदम वाऱ्याचा झोत खिडकीतून आत घुसला, पाठोपाठ पाण्याचा सपकारा. ओट्यावरचे केसपेपर उडाले, उघड्या डब्यांतले वरचे तुकडे ओट्यावर पसरले. सलीमभाई कागदांमागं धावले. मी दोन्ही हातांनी तुकडे गोळा केले आणि ज्याचे त्याला म्हणून अंदाजानं डब्यांत टाकले. चांदीच्या पट्ट्या सगळ्या सारख्या दिसतात, आत गोळी कुठली ते बाहेरून कळत नाही. त्यातले काही निनावी होते. खाजेचा डबा आणि साखरेचा डबा शेजारीशेजारी होते. हे सगळं मी आता सांगू शकते. तेव्हा मी फक्त ओटा पुसत होते आणि घड्याळाकडं बघत होते.

खिडकीचं दार मी अर्धं ओढलं आणि मध्येच एक हात आला. रुंद पंजा, मनगटावर हिरवं गोंदण, बोटांच्या पेरांत कपाशीच्या पाल्याचा काळपट हिरवा डाग मुरलेला.

‘‘बाई, लोटू नको, लोटू नको! मी ऱ्हायले की!’’

ती गयाबाई. पुढच्या गावची. सात-आठ बायांच्या टोळीची म्होरकी. सकाळी सात वाजता चौकातून जीप भरून बाया घेऊन निघायची, खुरपणी असो की खत टाकणं. फवारणीच्या दिवसांत पंपवाल्या गड्यांना हंड्यानं पाणी आणून देणं हे तिच्या टोळीचं काम. त्या पाण्यानं नि उडणाऱ्या फवाऱ्यानं दंडावर पित्त उठलं होतं. डॉक्टरांनी खाजेची गोळी लिहिली होती, रोज रात्री एक, पाच दिवस. मी डब्यातून तुकडा उचलला, पुडीवर चंद्रकोर काढली.

‘‘रात्री जेवून एक घ्यायची.’’

‘‘खाज दिवसा सुटती, मंग रातीला कशाला खाऊ?’’

‘‘झोप येते तिनं, म्हणून.’’

‘‘दिवसा झोपायला मला टाइम हाये व्हय? न्हाई येत मला झोप. मी दिवसाच खाते.’’

‘‘बरं बाई, खा तुला खायची तेव्हा,’’ मी वैतागून म्हणाले आणि दार ओढलं. मला एसटी गाठायची होती. तुकडा उलटून बघायला किती वेळ लागला असता? बघूनही काय दिसलं असतं म्हणा, त्यावर नाव नव्हतंच. पण मी बघितलं नाही ही गोष्ट खरी आहे, आणि ती माझी आहे.

रविवार मी कसा घालवला ते मला तपशीलवार आठवतं, याचंच आश्चर्य वाटतं. उशिरा उठले. माहेरी जाफराबादला फोन केला, आईशी अर्धा तास बोलले. धुणं वाळत घातलं नि पाऊस आला म्हणून काढलं. त्या वेळी तिकडं गयाबाईनं भाकरी खाल्ली होती, गोळी घेतली होती आणि नवऱ्याला म्हणाली होती, ‘‘गरगर करून राह्यलंय जरा.’’ तो म्हणाला, ‘‘उन्हाचं असंल.’’

सोमवारी तिचा उपवास. सकाळी कोऱ्या चहाबरोबर गोळी, आणि मग थेट रानात, हंडा डोक्यावर.

साडेबाराच्या सुमाराला जीप दवाखान्याच्या पायरीला लागली. मी खिडकीतून फक्त गलका ऐकला. त्या सकाळी आधीच तीन माणसं फवारा लागून आली होती. वॉर्डातून निरोप आला, अॅट्रोपिन संपत आलंय, लवकर द्या. फवाऱ्याच्या विषावरचं ते इंजेक्शन, आणि माणूस सावरेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. मी सलीमभाईंना खिडकीत बसवलं नि खोकं घेऊन स्वतःच गेले. खाटेवर बाई होती. लुगडं घामानं चिंब, दात आवळलेले, हात थरथरत होते, मध्येच काहीतरी बरळायची. चेहरा मी ओळखला नाही, कारण तो मी कधी पाहिलाच नव्हता. गोंदलेला हात ओळखला.

आमचे तेव्हाचे डॉक्टर नवे होते, सत्तावीस-अठ्ठावीसचे. टॉर्च मारून म्हणाले, ‘‘फवाऱ्याच्या विषानं डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक व्हायला पाहिजेत. ह्यांच्या नाहीत. लाळही नाही.’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘सर, पंपाजवळच पडल्या म्हणतेत.’’ बेशुद्ध माणसाची साखर आधी बघायची, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण आधीचे तिघे फवाऱ्याचे, पडली तीही पंपाजवळ, जीपमधले सगळे एकच शब्द ओरडत होते, फवारा. चौथीचंही तेच, हे सगळ्यांच्या डोक्यात बसून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘‘द्या एक.’’

तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं, अण्णांनी, खिशातून पट्टी काढून माझ्या हातात दिली. ‘‘बाई, हे एवढंच खाल्लं तिनं दवाखान्याचं. दुसरं कायबी न्हाई, उपास हाये तिचा.’’ पाचातल्या दोन गोळ्या उरल्या होत्या. मी सहज एक अंगठ्यानं दाबून बाहेर काढली.

आमच्याकडची खाजेची गोळी पांढरी असते. तळहातावर जी पडली ती फिकट हिरवी होती. साखर उतरवायची गोळी. साखरेचा आजारच नसलेल्या, उपाशी, उन्हात हंडे वाहणाऱ्या बाईनं ती तीन दिवस खाल्ली होती.

मी मूठ मिटली.

यापुढचं मी दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मी मूठ मिटली आणि गप्प राहिले. किती वेळ? सिस्टरनी अँप्यूल फोडली, सिरिंजमध्ये भरली, शिरेत दिली, तेवढा वेळ. माझ्या डोळ्यांसमोर ते इंजेक्शन गेलं. डोक्यात काय होतं विचाराल तर गयाबाई नव्हती. माझी नोकरी होती, दारातले ओरडणारे लोक होते, आमच्या ह्यांचा चेहरा होता, साहेबांचं ‘कसं जमतं’ होतं. लाज वाटते सांगायला, पण हेच होतं. मग तिचा हात खाटेवरून खाली लोंबला आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘डॉक्टर, साखर बघा आधी.’’

एवढंच. ‘मी चुकीची गोळी दिली’ हे नाही. साखर बघा.

बघितली तर आकडा जेमतेम तिसापर्यंत. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ग्लुकोजचं इंजेक्शन शिरेत गेलं, आणि दोन-चार मिनिटांत गयाबाईनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं नि म्हणाली, ‘‘माझा हंडा कुठं हाये?’’ सगळे हसले. सिस्टर रडल्या. डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, ‘‘मॅडम, मानलं तुम्हाला. कसं सुचलं?’’ मी म्हणाले, ‘‘उपवास होता म्हणाले ना.’’ अण्णांनी माझ्यापुढं हात जोडले. ‘‘बाई, तुमच्यामुळं माझं घर राह्यलं.’’ हिरवी गोळी माझ्या मुठीत विरघळायला लागली होती.

खिडकीत परत आले, दार लावून घेतलं आणि सलीमभाईंना म्हणाले, सगळे डबे ओता. बाहेर रांग दार बडवत होती. आम्ही एकेक निनावी तुकडा फोडून पाहिला. दुसरा एकही चुकीचा निघाला नाही. सलीमभाई म्हणजे साठीला आलेला माणूस, त्यांना न विचारता कळलं. फोडलेल्या गोळ्या भरता भरता हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, माझ्या हातानं बी होऊ शकत होतं. कात्री तर माझ्याच हातात होती ना.’’ मला त्या चांगुलपणाचा भयंकर राग आला. कुणीतरी माझ्यावर ओरडायला हवं होतं.

चार वाजता गयाबाईला पुन्हा घाम फुटला. ही गोळी एका इंजेक्शननं हटत नाही, दिवसभर, कधी त्याच्याहूनही जास्त, साखर ओढत राहते. हे कारण त्या दवाखान्यात मला एकटीला माहीत होतं. तेव्हा मात्र माझे पाय चालले. डॉक्टरांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि मुठीचं सोडून बाकी सगळं सांगितलं, पट्टी टेबलावर ठेवली. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग उठले, वॉर्डात ग्लुकोजचं सलाईन लावलं, दर तासाला साखर बघायला सांगितलं, परत आले.

‘‘बाहेर किती माणसं बसलीत बघितलंत का, मॅडम? आत्ता सांगितलं तर खुर्च्या फुटतील नि आपली डोकीपण. इलाज बरोबर चालेल. मी माझ्या कागदावर लिहितो. त्यांना काय सांगायचं ते माझ्यावर सोडा.’’

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. डॉक्टरांनी अण्णांना समजावलं, फवारा बाधला, त्यात पोटात काही नाही, अशी माणसं एकदम कोसळतात. ‘‘ह्यांना आता फवाऱ्याच्या रानात बिलकुल पाठवू नका.’’ मी शेजारीच उभी होते. मान हलवली मी. त्यांना वाटलं असेल, तेवढंच बाईच्या भल्याचं. मलाही तेव्हा तसंच वाटलं, किंवा वाटवून घेतलं.

मी काहीच केलं नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी श्रीखंडाचे डबे भंगारात दिले. आधी कापून ठेवणं बंद. ज्याची पट्टी त्याच्यासमोर कापायची, बिननावाचा तुकडा उरला तर पुडीवर नाव लिहायचं. मी पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं, सलीमभाईंनी केसपेपरावरचं मोठ्यानं वाचायचं, जुळलं तरच हात बाहेर. वर विचारायचं, नाव काय तुमचं? कशासाठी आलात? रांग तीनपर्यंत जाऊ लागली. लोक पिसाळले. ‘‘बाईला झालंय काय? आधी तर मशिनीवानी होती!’’ मी एक कागद लिहून खिडकीला चिकटवला, ‘वरून आदेश आला आहे.’ वरून कुठून? कुठूनच नाही. मीच लिहिला, मीच सही केली, मीच डिंक लावला. सरकारी दवाखान्यात ‘वरून’ म्हटलं की कुणी विचारत नाही. शेजारच्या दवाखान्यातल्या मॅडमनी फोन करून विचारलं, ‘‘अगं, आम्हाला कसा नाही आला आदेश?’’ मी म्हणाले, ‘‘येईल गं, तोवर तूही सुरू कर.’’ ती करते आहे. त्या खोट्याचं मला काही वाटत नाही. पहिल्या खोट्याचं वाटतं.

कारण गयाबाई यायची. दर महिन्या-दोन महिन्याला, अण्णांच्या दम्याच्या गोळ्या घ्यायला म्हणून, आणि खिडकीतून पिशवी आत सरकवायची. मुगाच्या शेंगा, पाथरीची भाजी, कधी चार कणसं. ‘‘खा बाई, तू माझी जान वाचवली.’’ ती भाजी मला घरी नेववत नसे. सलीमभाईंना द्यायचे. एकदा नेली, निवडली, शिजवली आणि घास उचलवेना. ह्यांनी विचारलं, मीठ जास्त झालंय का? मी म्हणाले, हो.

मला वाटत होतं, चूक झाली, बाई वाचली, पद्धत सुधारली, आता उरलं ते माझ्या मनात, ते मी सांभाळीन. मी किती मूर्ख होते! जे घडलं ते तिकडं तिच्या घरात चालूच होतं, रोज सकाळी सातला.

गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा हाताची पेरं स्वच्छ होती. श्रावणात, कपाशीच्या मुलखात, गयाबाईच्या पेरांत डाग नाही. मी विचारलं, ‘‘काय गं, रान सुटलं का काय?’’

‘‘रान कवाच सुटलं. त्या दिसापासून मालक जाऊ देत न्हाईत. आधी फवारणीचं न्हाई म्हणाले, मंग खुरपणीचं बी न्हाई. कपाशीच्या कामाला म्हणून हात लावू देईनात. टोळी शांता घिऊन जाती आता. वेचणीला गेल्ते एकदा चोरून, तर त्या बायाच म्हणल्या, ‘नको बाई, तू पडलीस तर आमच्या गळ्यात.’ सकाळी जीप वाजती ना चौकात, मी घराचं दार लावून घेते.’’ मग हसली. ‘‘माझ्या अंगाला नाजूकपणा आला म्हणतेत. म्हातारपणी!’’

खिडकीपुढच्या माणसाशी बोलायला मी वीस वर्षांत कधी बाहेर आले नव्हते. सलीमभाईंना आत बसवलं, बाहेर आले, तिला कडुलिंबाखालच्या बाकावर बसवलं. आणि सांगितलं. पावसाचा झोत, डबे, हिरवी गोळी, मिटलेली मूठ, गेलेलं इंजेक्शन, सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. ‘‘तू फवाऱ्यानं पडलीच नव्हतीस, गयाबाई. तुझ्या अंगाला काही झालेलं नाही. मी गोळी चुकीची दिली.’’

शिव्या येतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. ती अगदी हळू म्हणाली,

‘‘मंग मी दोन वर्सं घरात कशापायी बसले?’’

मी माफ कर म्हणाले, तो शब्द तिनं ऐकलाच नाही बहुतेक. म्हणाले, अण्णांना येऊन सांगते. ‘‘मालकाला मी सांगते. तू टोळीला सांग. माझं कोण ऐकतंय? उद्या सात वाजता चौकात ये.’’ आणि अण्णांच्या गोळ्या न घेता ती निघून गेली.

दुपारी मी आताच्या डॉक्टरांना लिहून दिलं. चौकशी लागली तर लागो. रात्री आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांनी सकाळी उठून स्कूटर पुसून ठेवली आणि मला गावापर्यंत सोडलं.

चौकात चहाच्या टपरीपाशी जीप उभी होती. डोक्याला फडकी बांधलेल्या, अंगात नवऱ्याचे जुने शर्ट घातलेल्या, हातात डब्याच्या पिशव्या, अशा आठ बाया. गयाबाई बाजूला उभी होती, तिनंही शर्ट चढवला होता. मी सांगायला उभी राहिले. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मग सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मूठ मिटल्याचंही. ‘‘ही बाई कपाशीच्या कामानं पडली नव्हती. चूक माझी होती.’’

शांतानं गयाबाईकडं पाहिलं, मग जीपच्या पुढच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मागं टाकली. गयाबाई त्या जागेवर जाऊन बसली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मला वाटलं, झालं. आता कुणी थुंकलं, कुणी दगड उचलला, तरी सोसायचं आणि निघायचं. तयारी करूनच आले होते मी.

पण शांता जागची हलली नाही. तिनं डब्याच्या पिशवीत हात घातला, चुरगळलेली पुडी काढली आणि माझ्यापुढं धरली.

‘‘ह्या माझ्या बीपीच्या. तुझ्याच खिडकीतल्या. बघ बरं बाई, ह्या तरी बराबर हायेत का?’’

दुसरीनं कनवटीची पट्टी काढली. तिसरी म्हणाली, सासूच्या गोळ्या घरी हायेत, थांबा, घिऊन येते, आणि पळत सुटली. एकामागून एक हात पुढं आले. सगळे चेहऱ्यांसकट. याची तयारी मी केलेली नव्हती. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पहिली पट्टी उजेडात धरली आणि नाव मोठ्यानं वाचायला लागले. अक्षरं पुसट होती. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, उशीर होत होता, म्हणून मी भराभर दुसरी उचलली.

‘‘जल्दी करू नको, बाई,’’ गयाबाई पुढच्या सीटवरून म्हणाली. ‘‘गाडी थांबती.’’